लंकेतल्या विटा

‘लंकेत सोन्याच्या विटा’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. दूरच्या वैभवाचा आपल्याला काय उपयोग, असा तिचा अर्थ. ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो. पण लंकेतल्या विटा खरोखर कशाच्या आहेत, हे पाहायला मात्र आपल्यातले फार थोडे गेले. रामायणातली लंका नेमकी कोणती, हा वाद आपण विद्वानांवर सोपवू. आज जिला श्रीलंका म्हणतात आणि १९७२ सालापर्यंत जिचे नाव सिलोन होते, ती तर आपल्या अगदी शेजारची. १९५२ साली ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आपल्या घराघरांतून रेडिओचा काटा कोलंबोकडे वळू लागला. लंकेतून येणारा आवाज असा ओळखीचा झाला; लंकेची जुनी नगरे आणि तिथली माणसे मात्र अनोळखीच राहिली.

तर या विटा मातीच्या आहेत. अनुराधपूर नगरात जेतवनाराम नावाचा स्तूप आहे. महासेन राजाने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तो बांधायला घेतला. मुळात त्याची उंची सुमारे ४०० फूट होती. त्या काळी जगात त्याच्याहून उंच अशा दोनच वास्तू होत्या, त्या म्हणजे मिसर देशातले दोन मोठे पिरॅमिड. त्याला सुमारे नऊ कोटी तीस लाख विटा लागल्या असाव्यात, असे अनुमान आहे. पुढे नगर ओस पडले, स्तूपावर रान माजले, माथ्यावर झाडे उगवली, आणि एकोणिसाव्या शतकात जे पाहुणे तिथे पोचले त्यांना ती एखादी टेकडीच वाटली. आता सांगा, नऊ कोटी विटा रचणारे हात कुठे गेले? आणि ते गेल्यावर मागे काय उरले? लंकेचा इतिहास मला या दोन प्रश्नांत सापडतो. बांधणारा राजा मोठा खराच. पण एखादी गोष्ट टिकते की नाही, हे तिची राखण कोण करतो यावर ठरते.

हे बेट आकाराने लहान आहे, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडेसे मोठे. एकट्या माणसाने, गाठोडे पाठीला मारून, आगगाडीने आणि एस. टी. सारख्या सरकारी गाड्यांनी फिरावे असा हा देश. तिथल्या लाल गाड्यांत पुढची बाके भिक्षूंसाठी राखून ठेवलेली असतात. कितीही गर्दी असो, भिक्षू आला की माणसे उठून जागा देतात. पौर्णिमेला ‘पोय’ म्हणतात, त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी. पांढरी वस्त्रे नेसलेली माणसे हातात कमळे घेऊन विहाराकडे निघालेली दिसतात. रस्त्याच्या कडेला ‘कडे’ म्हणजे छोटे दुकान. तिथे चहा, केळी आणि केशरी रंगाची शहाळी. शुभदिनी घरोघर ‘किरिबत’ शिजतो. किरि म्हणजे क्षीर आणि बत म्हणजे भात! नारळाच्या दुधात शिजवलेला हा भात वड्या पाडून वाढतात. सिंहली माणूस आकडे मोजू लागला की ‘अट’ आणि ‘दहय’ असे शब्द कानांवर येतात, आणि आपले आठ आणि दहा आठवतात. मोठ्या बहिणीला सिंहली माणूसही अक्काच म्हणतो आणि तमिळ माणूसही अक्काच म्हणतो.

हे नाते नुसत्या शब्दांचे नाही. ‘महावंस’ या लंकेच्या प्राचीन पाली ग्रंथात विजय नावाच्या राजपुत्राची कथा आहे. सातशे सोबत्यांसह देशोधडीला लागलेला हा विजय आधी सुप्पारक बंदरात उतरला; पण सोबत्यांच्या दांडगाईमुळे तिथे त्याचा निभाव लागला नाही, आणि मग तो लंकेला पोचला. हे सुप्पारक म्हणजे आपले ठाणे-वसईकडचे सोपारा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा भिंतभर रंगवली आहे. जहाज फुटून तो राक्षसींच्या बेटावर लागतो, आणि शेवटी तेच बेट जिंकून तिथला राजा होतो. कथेतला इतिहास किती, हा भाग वेगळा. पण आपल्या सह्याद्रीतल्या चिताऱ्याला पंधराशे वर्षांपूर्वी लंका ठाऊक होती, एवढे तर खरे.

अनुराधपुराला कोलंबोहून आगगाडीने चारपाच तासांत पोचता येते. गाडी उत्तरेकडे वळते तशी नारळीची बने मागे पडतात आणि कोरडा मुलूख सुरू होतो. इथला पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत पडतो, आणि उरलेले वर्ष त्याच पाण्यावर काढायचे असते. अशा ठिकाणी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास राजधानी वसली आणि इसवी सन ९९३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा शतके टिकली. कशाच्या जोरावर? तर तळ्यांच्या. तळ्याला सिंहलीत ‘वेव’ म्हणतात. संस्कृत ‘वापी’ शब्दाचेच हे रूप. नगराच्या भोवती अभयवेव, तिस्सवेव, नुवरवेव अशी तळी आहेत. ती बांधली त्याला दोन हजार वर्षे होत आली, आणि आजही सायंकाळी माणसे त्यांच्या पायऱ्यांवर स्नान करतात, कपडे धुतात, आणि बांधावरून वारा खात फिरतात. प्राचीन अवशेष म्हणावेत असे हे काही नव्हेच. ही तर गावाची रोजची विहीर.

पाचव्या शतकातल्या धातुसेन राजाने कलावेव हे प्रचंड तळे बांधले. तिथून अनुराधपुरापर्यंत चौपन्न मैलांचा कालवा खोदला गेला. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार मैलाला जेमतेम सहा इंच आहे. मैलाला सहा इंच! आजच्या दुर्बिणी आणि नकाशे हाती नसताना ही पातळी कशी साधली असेल, याचे इंजिनिअर लोकांना आजही नवल वाटते. या राजाची एक गोष्ट सांगतात. त्याचा मुलगा कश्यप याने बंड करून बापाला कैद केले आणि लपवलेला खजिना कुठे आहे ते विचारले. राजा म्हणाला, मला कलावेवच्या काठी न्या, म्हणजे दाखवतो. तिथे त्याने स्नान केले, ओंजळीत पाणी घेतले आणि सांगितले की माझी सारी दौलत ती हीच. कश्यप संतापला आणि बापाचा जीव गेला. पुढे भावाच्या भीतीने कश्यपाने सिगिरियाच्या सहाशे फुटी खडकावर महाल बांधला. अठरा वर्षांत तो संपला. महालाची जोती तेवढी उरली आहेत. आणि कलावेवचे पाणी आजही भाताच्या खाचरांत जाते.

सिगिरियाच्या वाटेवर एक गुळगुळीत भिंत आहे. आजच्या सहलीच्या लोकांसारखेच जुन्या काळचे लोकही खडक पाहायला येत आणि जाताना त्या भिंतीवर चार ओळी खरडून ठेवीत. सहाव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंतचे हे लेखन आहे. डॉ. सेनरत परणवितान यांनी त्यांतली ६८५ पद्ये उलगडून १९५६ साली प्रसिद्ध केली. लिहिणारे कोण? भिक्षू, शिपाई, कारकून, गावोगावचे गृहस्थ, आणि काही बायासुद्धा. खडकावर रंगवलेल्या सुंदरींना पाहून कोणी भुलले आहे, कोणी थट्टा केली आहे. हजार वर्षांपूर्वी साधी माणसे केवळ पाहण्याच्या हौसेने पायपीट करीत येत होती, याचा इतका जिवंत पुरावा जगात फार ठिकाणी मिळणार नाही.

त्यांच्याही आधी फाहियान हा चिनी भिक्षू लंकेत येऊन गेला. पाचव्या शतकाच्या आरंभी त्याने इथे दोन वर्षे काढली. एके दिवशी अनुराधपुरात बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढरा चिनी पंखा त्याच्या दृष्टीस पडला. मायदेश सोडून कित्येक वर्षे झालेल्या त्या यात्रेकरूचे डोळे भरून आले. ही नोंद वाचली की अनुराधपूर नुसते राजांचे राहत नाही. दूरदेशीच्या एकाकी प्रवाशाचेही होते.

इसवी सन ९९३ च्या सुमारास राजराज चोळाच्या सैन्याने अनुराधपूर लुटले. राजधानी आग्नेयेला पोलन्नरुवला गेली. १०७० मध्ये विजयबाहूने चोळांना हुसकावले, आणि ११५३ ते ११८६ या काळात पराक्रमबाहूने या नगराला कळस चढवला. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्राला मिळू नये, असा त्याचा निश्चय होता, असे इतिवृत्त सांगते. त्याच्या तळ्याला लोक समुद्रच म्हणतात, पराक्रम समुद्र. बांधावर उभे राहिले की नावाची अतिशयोक्ती वाटत नाही. जवळच गलविहारात एकाच ग्रॅनाइटच्या कड्यातून चार बुद्धमूर्ती कोरल्या आहेत. त्यांतली पहुडलेली मूर्ती शेहेचाळीस फूट लांब आहे.

पण पोलन्नरुवला मी माणसांना आणखी दोन गोष्टी पाहायला सांगेन. एक म्हणजे चोळांच्या वेळचे दगडी शिवमंदिर. तिथे आजही दिवा लागतो. दुसरी म्हणजे वेळैक्कार नावाच्या सैनिकांचा तमिळ शिलालेख. बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिराचे आम्ही रक्षण करू, असे वचन त्यांनी त्यात दिले आहे. बौद्धांच्या परमपवित्र वस्तूची राखण तमिळ सैनिकांकडे, आणि ती तमिळ भाषेत दगडावर कोरलेली! लंकेचा इतिहास म्हणजे सिंहली आणि तमिळ यांचे अखंड वैर, असे सांगणाऱ्याला या दगडापुढे उभे करावे.

१२१५ मध्ये कलिंगाच्या माघाची धाड आली आणि पोलन्नरुव ढासळले. पुढच्या शतकांत राजे आणि त्यांच्यामागून बरीच प्रजा नैर्ऋत्येकडच्या ओल्या मुलखात उतरली. स्वाऱ्या, हिवताप, कोरडी वर्षे, राजदरबाराची वाताहत, अशी कारणे विद्वान सांगतात. मोठी तळी फुटली, कालवे बुजले, रान वाढले. मात्र सगळेच संपले नाही. रानात लपलेली हजारो लहान तळी होती, एका गावाचे एक तळे. त्यांतली कितीतरी गावे तग धरून राहिली. एडमंड लीच या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली अनुराधपुराजवळच्या पुल एलिय या खेड्यात राहून त्यांचा अभ्यास केला आणि १९६१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. राजा गेला तरी गावकऱ्यांना आपल्या तळ्याचा हिशेब ठेवता येतो, हे त्यातून दिसते.

हा हिशेब ऐकण्यासारखा आहे. ही तळी सुटी नसतात, साखळीने असतात. वरच्या तळ्यातून सुटलेले पाणी शेते भिजवून खालच्या तळ्यात जाते. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखतात, म्हणजे वारा अडतो आणि पाणी कमी आटते. बांधाच्या पायथ्याशी ‘कट्टकडुव’ नावाची झुडपांची राई असते. झिरपणाऱ्या पाण्यातला खार ती शोषून घेते, म्हणून शेत खारवत नाही. हंगामाआधी शेतकऱ्यांची सभा भरते आणि पाणी केव्हा सोडायचे, पेरा केव्हा करायचा, हे तिथे ठरते. आणि ज्या वर्षी तळे भरत नाही, त्या वर्षी ‘बेत्म’ करतात. म्हणजे असे की साऱ्या शिवाराला पाणी पुरणार नाही, तेव्हा तळ्यालगतची तेवढीच जमीन कसायची, आणि त्या हंगामापुरती ती सगळ्या शेतकऱ्यांनी वाटून घ्यायची. जमीन ज्याची त्याची, पण दुष्काळ सर्वांचा. आपल्याकडे ज्यांनी पाटाच्या पाण्यावरून भाऊ भावाच्या अंगावर धावलेला पाहिला आहे, त्यांनी या रीतीचा जरूर विचार करावा.

अर्थात यात काही रामराज्य नव्हते. तळ्यांची डागडुजी ‘राजकारिय’ या पद्धतीने होई; जमिनीच्या मोबदल्यात प्रत्येकाने राजाची कामे करायची, म्हणजे एक प्रकारची वेठच. इंग्रजांनी १८३२ साली ही वेठ बंद केली. माणसे मोकळी झाली हे चांगलेच झाले. पण बांधावर माती टाकायला माणसाला बोलावण्याचा जुना अधिकार गेला, आणि त्याच्या जागी नवे काही आले नाही. तळी आणखी गाळाने भरली, बांध फुटले. शेवटी १८५६ साली त्याच सरकारला कायदा करून पाण्याच्या जुन्या रीतींना मान्यता द्यावी लागली. जुलूम मोडणे सोपे. पण जुलमाच्या पोटात जे सामाईक काम होते, ते नव्या स्वतंत्र माणसांनी कसे चालवायचे, हा प्रश्न अवघड. तो काही लंकेपुरताच नाही.

नैर्ऋत्येकडे सरकलेल्या राज्यांपैकी शेवटचे म्हणजे डोंगरातले कँडी. तिथली १८६७ साली सुरू झालेली आगगाडी बोगद्याबोगद्यांतून चढत जाते. या राज्यात रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज १६६० पासून जवळजवळ वीस वर्षे कैदेत होता. कैद म्हणजे कोठडी नव्हे. गावात राहायचे, पण देश सोडायचा नाही. टोप्या विणून आणि दाणे उसने देऊन तो पोट भरी. सुटून गेल्यावर १६८१ साली त्याने पुस्तक लिहिले, आणि त्यात नांगरणीपासून जेवणापर्यंत साऱ्या रोजच्या व्यवहाराची नोंद केली. राजांच्या बखरीत जे नाही ते या कैद्याने लिहून ठेवले.

कँडीच्या दंतमंदिरापुढचे तळे बांधणारा शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह हा दक्षिण भारतातल्या नायक्कर घराण्यातला. १८१५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले. १८३२ साली वेल्लोरला नजरकैदेत तो वारला. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास इथे ‘पेरहर’ ही मिरवणूक निघते. दंतधातूच्या पेटीची प्रतिकृती सजवलेल्या हत्तीवर असते. तिच्यामागून चार देवळांच्या मिरवणुका चालतात : नाथ, विष्णू, कतरगमचा स्कंद आणि पत्तिनी देवी. ही पत्तिनी म्हणजे तमिळांची कण्णगी. ढोलकऱ्यांचे, नाचणाऱ्यांचे, मशालजींचे मान पिढीजात आहेत. एका बौद्ध उत्सवात हे सारे देव शतकानुशतके एकत्र चालत आले, आणि कोणाला त्यात विसंगती वाटली नाही.

दक्षिण टोकाच्या गाल शहरात राखणीचे आणखी एक रूप दिसते. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये इथे कोट घातला. १६४० मध्ये डचांनी तो घेतला आणि भक्कम केला. कोटात डचांचे चर्च, मशीद आणि बौद्ध विहार चालत चालत पाहून होतात. भरतीच्या पाण्याने धुऊन निघतील अशी गटारे डचांनी जमिनीखाली बांधली. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा कोटाबाहेरचे बसस्थानक आणि बाजार क्षणात वाहून गेले. कोटाच्या तटांनी आतल्या वस्तीला मात्र वाचवले. त्याच किनाऱ्यावर पेरलिय गावाजवळ लाटेने आख्खी आगगाडी उलथवली आणि हजारांहून अधिक माणसे गेली. गालमध्येच १९११ साली एक शिळा सापडली. ती आता कोलंबोच्या संग्रहालयात आहे. चिनी दर्यासारंग झेंग हे याच्या सफरींच्या वेळची, १४०९ सालची ही शिळा. तिच्यावर चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत तीन अर्पणलेख आहेत. एक बुद्धाला, एक विष्णूच्या अवताराला, एक अल्लाला.

इतके सांगितल्यावर उत्तरेच्या टोकाला गेल्यावाचून हा प्रवास पुरा होत नाही. कारण राखणी सुटली म्हणजे काय होते, ते जाफना शहराला विचारावे. १९८१ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस तिथले सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि ताडपत्रे राख झाली. १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली, आणि मग २००९ पर्यंत यादवी चालली. १९८५ मध्ये तमिळ बंडखोरांनी अनुराधपुरात शिरून बसस्थानकावर आणि बोधिवृक्षाच्या आवारात निरपराध माणसे मारली. १९९० मध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना घरेदारे सोडायला लावली. १९९८ मध्ये कँडीच्या दंतमंदिराच्या दारात बाँब उडवला. ज्या दंतधातूच्या मंदिराच्या रक्षणाची शपथ तमिळ सैनिकांनी पोलन्नरुवला दगडावर कोरली होती, त्याच दंतधातूचे हे कँडीतले मंदिर. अन्याय कोणी आधी केला, याची यादी दोन्ही बाजूंना तोंडपाठ आहे. शिलालेख मात्र दोघेही विसरले.

तरी सगळे काही हातचे गेलेले नाही. जाफन्याचे ग्रंथालय पुन्हा बांधले गेले आणि तिथे आज मुले अभ्यासाला बसतात. १९९० पासून बंद पडलेली कोलंबो-जाफना आगगाडी २०१४ साली पुन्हा जाफन्यात शिरली. नल्लूरच्या कंदस्वामीचा पंचवीस दिवसांचा उत्सव भरतो. जळालेली ताडपत्रे मात्र परत येणार नाहीत. वीट पुन्हा भाजता येते, ताडपत्राचे तसे नाही.

अनुराधपुरात एक पिंपळ आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी इथे आणली, तिचे हे झाड. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ ठाऊक असलेल्या झाडांत याच्याइतके जुने दुसरे नाही, असे मानतात. राजधानी गेली, स्तूपांवर रान माजले, तरी या झाडाभोवतीची माणसे हलली नाहीत. आज त्याच्या वाकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू दिले आहेत. नऊ कोटी विटांचा स्तूप टेकडी होऊन पडला होता तेव्हाही हे झाड पालवत होते, कारण रोज त्याला पाणी घालणारे कोणीतरी होते. लंकेत सोन्याच्या विटा नाहीत, हे आता आपल्याला कळले. आणि जे आहे ते आपल्या गावच्या तळ्याला, आपल्या गावच्या वाचनालयालाही उपयोगी पडेल.